साठीनंतरचा कॅमेरा : आधी डोळ्यांना विचारा, मग हातांना



आरोग्याच्या पाक्षिकात कॅमेऱ्यावरचा लेख पाहून आपल्याला थोडे नवल वाटेल. परंतु आसनगावच्या माझ्या दवाखान्यात रक्तदाब, गुडघेदुखी आणि निद्रानाश यांच्या जोडीने अलीकडे हा प्रश्नही येऊ लागला आहे. निवृत्त शिक्षक, रेल्वेतून किंवा बँकेतून सेवामुक्त झालेले गृहस्थ, मुले दूरदेशी गेलेल्या गृहिणी तपासणी आटोपल्यावर खुर्चीतून उठता उठता विचारतात, "डॉक्टरबाई, आता वेळच वेळ आहे. एक चांगला कॅमेरा घ्यावा म्हणतो. कोणता घेऊ?" मी छायाचित्रणाची तज्ज्ञ नाही. एक सामान्य डॉक्टर आणि हौशी छायाचित्रकार एवढीच माझी ओळख. तरीही या प्रश्नाचे निम्मे उत्तर डॉक्टरनेच द्यावे असे मला वाटते. तरुणपणी कॅमेरा निवडताना माणूस यंत्राचे गुण पाहतो. साठीनंतर त्याने प्रथम स्वतःच्या डोळ्यांची आणि हातांची तपासणी करावी.

आपल्या परिसरात टिपण्यासारखे काही कमी नाही. आसनगाव स्थानकाबाहेर आलात की माहुलीचे सुळके समोर उभे असतात. पहिल्या पावसानंतर त्यांचा रंग रोज बदलतो. उन्हाळ्यात राब भाजल्याचा धूर, आषाढातली आवणी, श्रावणात तुडुंब वाहणारी भातसा, शहापूरचा बाजार, पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसे गावी भरणारी जत्रा, हे सारे घरापासून फार दूर नाही. पाहणारा डोळा आणि चालणारे पाय असले की वर्षभराचा उद्योग हाती येतो. हा उद्योग आरोग्याला किती उपकारक ठरतो, ते पुढे सांगेनच.

मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला, असे आपण विचाराल. मोबाइलची छायाचित्रे आज उत्तम येतात, यात वाद नाही. परंतु त्याचा पडदा पाहायला चाळिशीचा चष्मा लागतो, भर उन्हात तो दिसेनासा होतो, आणि वयपरत्वे कोरड्या झालेल्या बोटांचा स्पर्श तो पुष्कळदा मानत नाही. शिवाय मधेच फोन वाजतो आणि लक्ष मोडते. ज्यांना मोबाइल पुरतो त्यांनी तोच वापरावा. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना खरोखर कॅमेरा हाती धरावासा वाटतो.

अशा मंडळींपुढे शेवटी दोन वाटा उरतात, असा माझा अनुभव आहे. भिंगांच्या भल्यामोठ्या पिशवीसह येणारे जड कॅमेरे त्यांना नको असतात. मग एकीकडे उभा राहतो डिजिटल रेंजफाइंडर आणि दुसरीकडे एकच पक्के भिंग बसवलेला आटोपशीर कॅमेरा. दोन्ही दिसायला जुन्या काळच्या कॅमेऱ्यांसारखे, म्हणून दोन्ही मनाला ओढ लावतात.

रेंजफाइंडर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस, एकमेकींपासून काही अंतरावर, दोन लहान खिडक्या असतात. आपले दोन डोळे जसे किंचित वेगळ्या जागांवरून एकच वस्तू पाहतात आणि त्यातून आपल्याला अंतर कळते, तसेच हे यंत्र करते. व्ह्यूफाइंडरमधून पाहिले की मध्यभागी एक उजळ चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात वस्तूची दुहेरी प्रतिमा असते. भिंगावरील कडे फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणल्या की फोकस साधला. यंत्र स्वतः फोकस करीत नाही. ते काम डोळा, बोट आणि मन या तिघांनी मिळून करायचे असते.

लहान कॅमेऱ्याच्या जन्माची कथा आपल्यासारख्यांना जवळची वाटावी अशी आहे. जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यातील अभियंते ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा विकार होता. त्या काळचे काचेच्या पट्ट्यांचे जड कॅमेरे पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे. म्हणून त्यांनी चित्रपटाच्या फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा करून पाहिला. त्याचा पहिला नमुना १९१४ च्या सुमारास तयार झाला आणि १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' या नावाने लोकांपुढे आला. पुढे १९३२ मध्ये त्यात रेंजफाइंडर बसवला गेला आणि १९५४ च्या 'एम ३' पासून त्याला आजचे रूप मिळाले. जगातील छायाचित्रणाची दिशा बदलणारे हे यंत्र एका दमेकऱ्याने स्वतःच्या श्वासाला जमेल असे म्हणून घडवले. शरीराची मर्यादा ओळखून यंत्र निवडणे यात कमीपणा मानू नये, एवढे मला यातून आपल्याला सांगायचे आहे.

डिजिटल युगात पहिला रेंजफाइंडर एप्सन कंपनीने २००४ मध्ये आणला, तर लायकाचा 'एम ८' २००६ मध्ये आला. आज या प्रकारात प्रामुख्याने लायकाचेच नाव घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूस फुजीफिल्मने २०११ मध्ये 'एक्स १००' आणला आणि त्याचे सहावे रूप २०२४ मध्ये आले. लायकाचाही 'क्यू' हा पक्क्या भिंगाचा कॅमेरा २०१५ पासून आहे, आणि रिकोचा 'जीआर' तर शर्टाच्या खिशात जाईल एवढा लहान. या सर्वांत भिंग कायमचे बसवलेले असते आणि फोकस कॅमेराच करतो. बहुतेकांत दृश्य मागेपुढे करणारा झूम नसतो. जवळचे हवे असल्यास आपणच चार पावले पुढे जायचे.

ज्यांनी १९६० ते १९८० या काळात घरात कॅमेरा पाहिला आहे, त्यांना या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे देणारा आगफा क्लिक थ्री अनेक मराठी घरांत होता. त्याचे भिंग पक्के होते आणि लग्ना-मुंजीची कितीतरी चित्रे त्याने जपली. ज्यांचे कोणी परदेशात होते, त्यांच्याकडे याशिका इलेक्ट्रो ३५ येई. तो रेंजफाइंडरही होता आणि त्याचे भिंगही न निघणारे, ४५ मिलिमीटरचे. ज्या दोन प्रकारांत आज निवड करावी लागते, ते त्या एका यंत्रात एकत्र नांदत होते.

माझे वडील रेल्वेत नोकरीला होते. त्यांच्याकडे असाच एक इलेक्ट्रो होता. दुहेरी प्रतिमा एकावर एक आणण्याची युक्ती मी त्यांच्याकडूनच शिकले. माहुलीच्या सुळक्यांवर ते मला ती करायला लावत. साठीच्या आसपास त्यांचा कॅमेरा कपाटात गेला. "फिल्म फार महाग झाली गं," एवढेच ते म्हणत. आम्हा सर्वांना ते पटलेही. त्यांच्या पश्चात मी त्यांचे अल्बम नीट पाहिले, तेव्हा शेवटच्या दोन वर्षांची छायाचित्रे एकामागून एक हललेली दिसली. झाडांना दुहेरी कडा होत्या, माणसांचे चेहरे पुसट झाले होते. त्याच काळातील त्यांची पत्रे काढून पाहिली, तर अक्षर मोठे आणि नागमोडी झालेले. त्यांना हाताचा आनुवंशिक कंप होता. वैद्यकशास्त्रात हा विकार अगदी सामान्य मानला जातो. त्यांनी त्याची वाच्यता कोणाजवळ केली नाही. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरू लागले होते, हे मात्र आईला आठवते.

आपल्यापैकी जे घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगते आहे. वृद्ध माणूस एखादा छंद सोडतो तेव्हा तो सहसा खरे कारण सांगत नाही. वाचन सोडणारा म्हणतो, हल्ली चांगले लिहितातच कोण. शिवण सोडणारी म्हणते, तयार कपडे स्वस्त मिळतात. भजनाला जाणे थांबवणारा म्हणतो, तिथे आता राजकारण फार. पुष्कळदा या वाक्यांमागे मोतीबिंदू, संधिवात किंवा बहिरेपण दडलेले असते. सोडलेल्या छंदाची चौकशी ही एक प्रकारची वैद्यकीय तपासणीच आहे. तिला पैसे लागत नाहीत, थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

आता डोळ्यांकडे येऊ. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होते आणि साठीपर्यंत ती जवळपास संपते. जवळचे पाहण्यास चष्मा लागतो, दूरचे मात्र अनेकांना स्वच्छ दिसते. येथे रेंजफाइंडरची एक बाजू फार चांगली आहे. लायकाच्या व्ह्यूफाइंडरमधील दृश्य डोळ्याला सुमारे दोन मीटर अंतरावर असल्यासारखे भासते. त्यामुळे ज्यांना केवळ वाचनाचा चष्मा आहे, त्यांना तो न लावताही बाहेरचे जग निर्मळ दिसते. किंचित कमी पडल्यास डोळ्याजवळ सुधारक भिंग बसवता येते. याउलट ज्या लहान कॅमेऱ्यांना व्ह्यूफाइंडरच नाही, रिकोच्या 'जीआर' सारख्या, त्यांचा मागचा पडदा पाहण्यासाठी चाळिशीचा चष्मा चढवावा लागतो आणि तोच चष्मा घालून पुढची पायरी उतरली जाते. दुहेरी नंबरच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी पुसट दिसते आणि पाय चुकतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, कॅमेरा कोणताही घ्या, त्याला डोळा लावण्याची जागा असू द्या.

परंतु रेंजफाइंडरचा तो उजळ चौकोन निरोगी दृष्टिपटलाची अपेक्षा धरतो. मोतीबिंदू पिकू लागला की त्या चौकोनातील दोन प्रतिमांमधला फरक धूसर होतो, विशेषतः संध्याकाळी किंवा घरात. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची झीज झाली असेल तर नेमका मध्यभागच वाकडा किंवा काळपट दिसतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी फोकस साधायचा असतो. दाराची सरळ चौकट व्ह्यूफाइंडरमधून नागमोडी दिसू लागली, तर दुकानदाराशी वाद घालू नका. एकेक डोळा झाकून तीच चौकट कॅमेऱ्याशिवाय पाहा. तरीही ती वाकडी दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असणाऱ्यांनी तर वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करावीच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर कॅमेऱ्याची खरेदी तिच्यानंतर करा. डोळा स्थिरावून चष्म्याचा अंतिम नंबर मिळण्यास साधारणतः महिना-दीड महिना लागतो. त्याआधी कोणताही व्ह्यूफाइंडर पारखणे व्यर्थ आहे.

फुजीच्या 'एक्स १००' मालिकेत आणि लायकाच्या 'क्यू' मध्ये डोळ्याच्या नंबरानुसार व्ह्यूफाइंडर जुळवून घेण्याची सोय कॅमेऱ्यातच असते. मात्र तिरका नंबर त्याने दुरुस्त होत नाही. ज्यांच्या चष्म्यात तो आहे, त्यांनी चष्मा घालूनच पाहावे आणि चारही कोपरे दिसतात ना, याची खात्री करावी.

आता हात. कंप दोन प्रकारचे नीट ओळखून ठेवा. माझ्या वडिलांना होता तो कंप हात काही धरून ठेवताना किंवा काम करताना वाढतो आणि घराण्यात उतरतो. पार्किन्सनचा कंप बहुधा हात निवांत असताना दिसतो आणि काम करू लागल्यावर कमी होतो. त्यात अक्षर बारीक होत जाते. थायरॉइडचे प्रमाण वाढल्याने, दम्याच्या काही औषधांनी किंवा फिट्सच्या काही गोळ्यांनीही हात थरथरतात. म्हणून "वयाने होतंय" असे म्हणून गप्प बसू नका, दाखवून घ्या.

कंप असणाऱ्याने हात लांब करून पडद्यात पाहत छायाचित्र काढले, तर थरथर वाढते. कोपरे बरगड्यांना टेकवून कॅमेरा कपाळाशी धरला की तिसरा आधार मिळतो आणि थरथर बरीच कमी होते. येथे दोन्ही प्रकारांतील मोठा फरक पुढे येतो. लायकाच्या 'एम' कॅमेऱ्यात हाताचे हलणे सावरणारी यंत्रणा नाही. फुजीच्या सहाव्या 'एक्स १००' मध्ये, लायकाच्या 'क्यू' च्या दुसऱ्या-तिसऱ्या रूपांत आणि रिकोच्या 'जीआर ३' मध्ये ती आहे. हात थोडा हलला तरी प्रतिमा स्थिर येते. अशी यंत्रणा वडिलांच्या वेळी असती, तर त्यांचा अल्बम इतक्या लवकर थांबला नसता, असे मला वाटते.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज हा उतारवयातील, विशेषतः स्त्रियांचा, दुसरा शत्रू. बरणीचे झाकण उघडताना जिथे दुखते तोच हा सांधा. भिंग बदलताना नेमकी तीच पिळण्याची हालचाल करावी लागते, तीही एका हातात उघडा कॅमेरा आणि दुसऱ्या हातात महागडे भिंग धरून. पक्क्या भिंगाच्या कॅमेऱ्यात हा प्रसंगच येत नाही आणि आत धूळही जात नाही. मधुमेहामुळे ज्यांचा खांदा आखडला आहे, त्यांना कॅमेरा डोळ्यापर्यंत नेणेच कठीण जाते. त्यांच्यासाठी वर वळणारा पडदा उपयोगी पडतो. कॅमेरा पोटाशी धरून खाली पाहत छायाचित्र काढता येते. ही पद्धत काही नवी नव्हे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे पद्मविभूषण झालेल्या होमाई व्यारावाला यांच्या हाती रोलायफ्लेक्स असे. त्याचे भिंग पक्के, आणि त्यातही वरून खाली पाहावे लागे.

वजनाच्या बाबतीत मात्र सरसकट समज करून घेऊ नका. लायकाचा काळा 'एम ११' सुमारे ५३० ग्रॅमचा, चंदेरी ६४० ग्रॅमचा, आणि त्यावर भिंगाचे आणखी पाव किलो. फुजीचा सहावा 'एक्स १००' ५२१ ग्रॅमचा, रिकोचा 'जीआर ३' केवळ २५७ ग्रॅमचा. पण पक्क्या भिंगाचा लायका 'क्यू ३' ७४३ ग्रॅमचा आहे. मानेच्या मणक्यांची झीज असल्यास पट्टा मानेत न अडकवता जानव्यासारखा आडवा, एका खांद्यावरून घ्यावा.

एवढे वाचून आपण म्हणाल की, मग प्रश्न सुटला; सोपा तोच घ्यावा. पण थांबा. रेंजफाइंडरच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगायची राहिली आहे. अमेरिकेत, डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी साठ ते नव्वद वयाच्या २२१ व्यक्तींचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण शिकवले, काहींना गोधडीकाम शिकवले, काहींना दोन्ही. इतर गटांनी केवळ गप्पागोष्टी, सहली किंवा घरबसल्या सोपे उद्योग केले. नवे आणि कठीण काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली. नुसता वेळ आनंदात घालवणाऱ्यांत तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे कष्ट हवेत. सर्व काही यंत्रानेच करायचे असेल, तर मेंदूच्या वाट्याला काय येणार?

आणखी एक. हातांनी तरुणपणी शिकलेली कौशल्ये फार चिवट असतात. कालचे जेवण विसरणारी आजी पुरणपोळी बिनचूक लाटते, ते या स्मरणामुळे. ज्यांनी उमेदीची वीस वर्षे रेंजफाइंडर वापरला, त्यांच्या बोटांना ते कडे अजून आठवते. त्यांना नव्या कॅमेऱ्यातील पडद्यावरच्या शेकडो पर्यायांचा गुंताच अधिक कठीण वाटतो. अशा व्यक्तीचे डोळे आणि हात धड असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर मुलांनी तिला "तुम्हाला आता जमणार नाही" असे म्हणून अडवू नये.

या साऱ्यातून मी माझ्यापुरते एक सूत्र काढले आहे. कॅमेऱ्याने मेंदूला कष्ट द्यावेत, डोळ्यांना आणि सांध्यांना देऊ नयेत. प्रकाश कोठून येतो, कोठे उभे राहावे, काय चौकटीबाहेर ठेवावे, छिद्र किती उघडावे, हा विचार करताना मेंदू राबतो, आणि तो व्यायाम पक्क्या भिंगाच्या कॅमेऱ्यातही पुरेपूर मिळतो. झूम नसल्याने जागा शोधावी लागते, चालावे लागते, थांबावे लागते. हवे तर त्यात फोकसही हाताने ठरवता येतो. २८ मिलिमीटरच्या भिंगासारखे विस्तृत दिसणारा लायका 'क्यू' घ्या. छिद्र एफ ८ वर आणि फोकस सव्वातीन मीटरवर ठेवला, तर सुमारे पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. जुने छायाचित्रकार हेच करीत. बाजारात, जत्रेत, नातवंडांमागे धावताना दुहेरी प्रतिमा जुळवत बसण्याची गरज उरत नाही.

माझी निवड आपण विचाराल, म्हणून सांगते. मी पंचावन्न ओलांडली आहे. रेंजफाइंडरची ओढ मला आजही आहे. त्या चौकोनात दोन प्रतिमा एक होतात तो क्षण मला वडिलांची आठवण देतो. पण गेल्या वर्षापासून सकाळी औषधचिठ्ठी लिहिताना माझे अक्षर किंचित नागमोडी होते आहे. पार्किन्सन नाही, थायरॉइड ठीक आहे, हे मी तपासून घेतले आहे. अशा घराण्यात प्रत्येक मुलात हा कंप उतरण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. अंगठाही बरणीशी भांडू लागला आहे. म्हणून मी आजच्या हातांऐवजी दहा वर्षांनंतरच्या हातांसाठी निवड केली. पक्के भिंग, कंप सावरणारी यंत्रणा, डोळ्याला व्ह्यूफाइंडर आणि वर वळणारा पडदा या चारही गोष्टी मला फुजीच्या कॅमेऱ्यात एकत्र मिळाल्या. किंमत दीड लाखाच्या पुढे गेली, ती मी दोन वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांतून दिली. लायकाचा रेंजफाइंडर कित्येक लाखांच्या घरात जातो आणि भिंग वेगळे घ्यावे लागते. निवृत्तीची पुंजी किंवा आजारपणाची ठेव मोडून कोणीही कॅमेरा घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते. कमी पैशांत जुना, वापरलेला कॅमेराही चांगला मिळतो.

यात काही गमावले का? गमावले. यंत्र क्षणात फोकस करते आणि ते जुळवण्याचे समाधान मिळत नाही. वडिलांचा इलेक्ट्रो कपाटातून काढून मी कधी कधी नुसता डोळ्याला लावते. तेवढ्याने भागते.

खरेदीला जाताना काय करावे, तेही लिहिते. आसनगावहून लोकल थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते आणि तेथून फोर्टमधील बोरा बाजार चालत गाठता येतो. नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची दुकाने तेथे आहेत. गर्दीची वेळ टाळा, सोबत कोणी घ्या. रोजचा चष्मा घालून जा. कॅमेरा डोळ्याला लावून पूर्ण एक मिनिट धरून पाहा. मान किंवा खांदा भरून येतो का ते कळेल. रेंजफाइंडर असल्यास दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यातील एखाद्या उभ्या रेषेवर दहा वेळा फोकस साधा आणि दहापैकी किती चित्रे स्पष्ट आली ते मोजा. बॅटरी आणि कार्ड आपल्याच बोटांनी काढून घाला. दुकानदाराला करू देऊ नका. भिंगाचे झाकण न काढता रेंजफाइंडरमधून पाहा. दृश्य तसेच स्वच्छ दिसेल, कारण तो भिंगातून पाहतच नाही. विसराळूपणा सुरू झालेल्या व्यक्तीसाठी ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणि वापरताना एकच नियम कसोशीने पाळा. चालताना डोळा कॅमेऱ्यात नको. आधी थांबा, पावले थोडी फाकवून भक्कम उभे राहा, मगच कॅमेरा वर उचला. मागे सरकायचे असेल तर कॅमेरा खाली घेऊन, मागे वळून पाहून सरका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या, नदीचा काठ आणि रेल्वे फलाटाची कड ही ठिकाणे वर्ज्य. मांडीचे हाड मोडले, तर सगळ्याच छंदांवर पाणी पडते.

काळजी घेणाऱ्या मुलासुनांना अखेरचे दोन शब्द. आई-वडिलांसाठी कॅमेरा घेताना त्यांना अचानक भेट म्हणून देऊ नका. त्यांना दुकानात न्या आणि त्यांच्या हातात देऊन पाहा. पहिले काही आठवडे सोबत शिका. छायाचित्रे कार्डात पडून राहू देऊ नका. घरातल्या टीव्हीवर मोठी करून लावा. माझी आई ब्याऐंशीची आहे. दृष्टिपटलाच्या झिजेमुळे तिला वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही. रविवारी मी परतले की ती विचारते, "भातसेला पाणी कितपत चढलंय, तेवढं दाखव." टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन, मान किंचित वळवून, डोळ्याच्या कडेने ती ते पाणी पाहते आणि कोणत्या साली ते कुठवर आले होते ते मला सांगू लागते. तेवढा अर्धा तास ती आजारी नसते.

आपण कोणताही कॅमेरा घ्या, किंवा घरातला जुनाच बाहेर काढा. त्याआधी डोळे तपासून घ्या आणि हात थरथरत असतील तर डॉक्टरांना सांगा. आणि पुढच्या तपासणीला जाताना रक्तदाबाच्या वहीबरोबर आपण काढलेली चार छायाचित्रेही घेऊन जा. कोणताही डॉक्टर ती आनंदाने पाहील.